घसारा

एकवीस वर्षं मी ठोकलेल्या गाड्या मोजते.
तुर्भ्याच्या गॅरेजांत, तळोज्याच्या यार्डात
उकिडवी बसून, टॉर्च दातांत धरून:
कुठला पत्रा आता वाकला, कुठला आधीच वाकलेला होता.
रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, पन्नास टक्के घसारा.
फायबर, तीस.
काचेला घसारा नाही.
नव्या पोरांना शिकवताना हे मी दोनदा सांगते.
फुटेपर्यंत काच पूर्ण किमतीची असते.

आणि आज करावे गावात, देवळामागच्या बोळात,
प्रणित मढवी ताडपत्री ओढून काढतो
तर खाली दोन दारांची, दोनच माणसांची,
पिकल्या फणसाच्या गऱ्यासारखी पिवळी.
वडलांच्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटमधून आलेली.
"सहा वर्षांत एकोणीस हजार किलोमीटर, मॅडम.
स्पीडब्रेकरवर तिरकी घालायची, नाहीतर पोट घासतं."
त्याला मुलगी झालीय. तिला बसायला जागा नाही.

बॉनेटवर पांढुरके डाग.
मी बोट फिरवलं, चाखून पाहिलं. मीठ.
"आई सोडे वाळवते," तो म्हणाला, आणि लाजला.

रात्री नेरूळला, जुन्या सर्व्हे फॉर्मच्या पाठीवर:
विमा, वर्षाला पंच्याऐंशी हजार.
चार टायर, सव्वा लाख, आणि ते वीस हजार किलोमीटरला संपतात,
म्हणजे आता संपलेच.
बाहेरचा एक आरसा बेचाळीस हजार,
बोटीने येतो, सहा आठवडे.
सोसायटीच्या रॅम्पचा उतार मोजायला हवा.
पाच वर्षं उलटलीत, झिरो डेप कोणी देणार नाही;
जे झिजेल ते माझं.

श्रीरंग भाजी निवडत म्हणाला, घे गं, हौसेला मोल नसतं.
असतं, म्हटलं. आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी.
तो हसला. मी बेरीज परत केली, तेवढीच आली.

मग माझ्या जुन्या हॅचबॅकची पॉलिसी काढली.
नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो,
गाडी विकली तरी आपल्यासोबत येतो.
अकरा वर्षं मी कशाचीच भरपाई मागितलेली नाही.
दुसऱ्यांच्या कागदांवर हा आकडा हजारदा पाहिलाय.
स्वतःच्या पाहिला आणि उगाच राग आला,
कोणाचा, ते कळलं नाही.

रविवारी पाम बीचवर घेतली.
सीवूड्सचा सिग्नल सुटला आणि पाठ सीटला चिकटली,
खाडीचा वास आत आला, गेलाही,
मी मोठ्यांदा काहीतरी बोलले, शिवीच असावी.
मग कॅमेरा. पाटी साठची.
इंजिन दोनशेचं.
उरलेल्या एकशेचाळीसचा हप्ता कोण भरतं?
मीच. दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत,
स्कूटरवाल्या दोन मुली आमच्या पुढे गेल्या.

परत आल्यावर रंगाची जाडी मोजायचं यंत्र काढलं.
सवय.
उजवा दरवाजा एकशेवीस. डावा दोनशे साठ.
मी प्रणितकडे पाहिलं.
"खांबाला घासली होती," तो म्हणाला.
"क्लेम नाही केला. बोनस गेला असता."
आम्ही दोघं थोडा वेळ त्या दरवाजासमोर उभे राहिलो.
काम चांगलं झालं होतं. यंत्राशिवाय कळलं नसतं.

"दीड लाख कमी करा."
"बाबांना विचारतो."

तेवढ्यात त्याची आई परात घेऊन आली,
माझ्याकडे नीट पाहिलं, गाडीकडे पाहिलं.
"बाय, गारी घेशील त आयतवारी आनशील का हिकरं?
हिच्यावर सोरे लय लवकर वालतान."

अ‍ॅड-ऑनच्या रकान्यात असलं काही बसत नाही.
मी पेन काढलं,
आणि समासात लिहून ठेवलं: रविवार, दुपारपर्यंत.